जीप एकाची, पाणंद सर्वांची



यंदा मिरगाच्या तोंडावर मी फोर व्हील ड्राइव्हची नवी डिझेल गाडी घेतली. तेव्हापासून आष्टा गटात कुठल्याही शिवारात गेलो तरी उसाआधी गाडीची चौकशी होते. "साहेब, चिखलातनं निघती का? डिझेल किती खाती? आमी घ्यावी का?" असे तीन प्रश्न ठरलेले. प्रत्येकाला बांधावर उभे राहून उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून काढावे म्हटले. गाडीच्या कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हा मजकूर जाहिरातीचा नाही. पहिल्या चार महिन्यांचा अनुभव आणि त्यावरून बनलेले माझे मत, एवढेच यात आहे. मत आधीच सांगतो. ही गाडी मालकाला रानात पोचवते, पण रानातला ऊस बाहेर काढत नाही.

जीप आपल्या भागाला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलिस जीप तयार झाली आणि १९४७ पासून मुंबईच्या महिंद्र कंपनीने तिची जोडणी आपल्या देशात सुरू केली. सुरुवातीची जीप पेट्रोलवर चाले आणि पेट्रोलही सढळ हाताने पिई. पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने बनलेले डिझेल इंजिन जीपला बसले आणि ती साखर कारखान्यांच्या शेती खात्याची ओळखच होऊन गेली. पाणंदीला जीपची धूळ उठली की कारखान्याचा माणूस आला, हे सांगावे लागत नसे. २०१० मध्ये थार आली, २ ऑक्टोबर २०२० रोजी ती नव्या रूपात बाजारात आली आणि नाशिकच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी खेडोपाडी दिसू लागली. पूर्वी जीप कामाची होती, आता ती हौसेचीही झाली आहे. हौसेला माझा विरोध नाही. शेतकऱ्याने हौस करू नये, असे कुठे लिहून ठेवलेले नाही.

जमेची बाजू

डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवर मिळतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. या गाडीत नेहमीच्या गिअरशेजारी आणखी एक दांडा असतो. एरवी फक्त मागची चाके ओढतात. दांडा 'फोर हाय'मध्ये टाकला की पुढची चाकेही ओढू लागतात, आणि 'फोर लो'मध्ये टाकला की वेग एकदम उतरतो पण ओढ कितीतरी वाढते. निसरड्या चढावर, ओढ्यातल्या वाळूत आणि पाणंदीच्या साध्या चिखलात याचा चांगला उपयोग होतो. गाडीचे पोट जमिनीपासून उंच असल्याने चाकोरीच्या मधल्या वरंब्याला ते सहसा घासत नाही.

माझ्या कामात याचा खरा फायदा वेगळाच झाला. कृष्णाकाठच्या आणि वारणेकडच्या आतल्या शिवारातले जे प्लॉट दिवाळीनंतर बघायला मिळायचे, ते यंदा श्रावणात पाहता आले. हुमणी लागलेला प्लॉट ऑगस्टमध्ये दिसला तर उपाय सांगता येतो. तोच ऑक्टोबरमध्ये दिसला तर हळहळण्यापलीकडे हातात फारसे काही उरत नाही. तांबेरा, लोकरी मावा यांचेही तेच. तेव्हा ज्याची शेती लांबवर आणि चार ठिकाणी विखुरलेली आहे, जो स्वतः रोज रानात जातो, त्याने अशी गाडी घेतली तर ती फुकट जाणार नाही.

खर्चाची आणि खबरदारीची बाजू

आता दुसरी बाजू. 'फोर बाय फोर' म्हणजे कुठेही जाते, हा गैरसमज आहे. आपली काळी जमीन ओली झाली की टायरच्या खाचा मातीने भरून जातात आणि टायर गोट्यासारखा गुळगुळीत होतो. असा टायर दोन फिरवले काय आणि चार फिरवले काय, जमीन धरली जात नाही. त्यातून पुढचे एक आणि मागचे एक चाक एकाच वेळी अधांतरी झाले, तर साध्या डिफरन्शियलची गाडी तेवढीच दोन चाके गरगर फिरवत जागेवर उभी राहते. चाकाला लॉक असेल तर गोष्ट थोडी वेगळी. म्हणजे गाडी घेताना दांड्याइतकीच चौकशी टायरची करावी.

कोरड्या डांबरी रस्त्यावर दांडा मागेच ठेवावा. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. दोन्ही आस एकमेकांना जखडलेले असले तर तो ताण गिअरवर आणि टायरवर येतो. ब्रेकची गोष्टही ध्यानात ठेवावी. चार चाकांची ओढ गाडी पुढे नेण्यासाठी आहे, थांबवण्यासाठी नाही. चारही चाकांना ब्रेक तर साध्या मोटारीलाही असतात. ओल्या रस्त्यावर ही उंच गाडी जोरात वळवली तर कलंडूही शकते.

पुराच्या पाण्यात तर गाडी घालूच नये. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. पाण्याखालचा रस्ता जागेवर आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही, आणि गाडी एकदा तरंगू लागली की चारही चाकांचा जोर फुकट जातो.

डिझेलचे म्हणाल तर शिवारात 'लो'मध्ये फिरताना सरासरी रस्त्याच्या मानाने बरीच उतरते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली. ही काजळी जळून जायला इंजिन बराच वेळ चांगले तापावे लागते. घर ते रान आणि रान ते डेअरी एवढीच फेरी रोज झाली तर जाळी तुंबते आणि समोर दिवा लागतो. म्हणून आठवड्यातून एखादे वेळी सांगलीपर्यंत सलग चालवून आणावी. जुन्या जीपला ही भानगड नव्हती, पण जुन्या जीपचा धूर आपल्याच नाकात जात होता हेही खरे.

किमतीचा हिशेब आपल्या मापाने करू. गाडी रस्त्यावर येईपर्यंत पंधरा लाख धरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा न करताही ही गाडी सव्वाचारशे टन उसाची झाली. एकरी पन्नास टन उतारा देणाऱ्याचे साडेआठ एकर एका वर्षापुरते गाडीपायी गेले. कर्ज काढून घेतली तर व्याज वेगळेच. हे ज्याने त्याने आपल्या सातबाऱ्याकडे बघून ठरवावे.

खरे दुखणे

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. गाडी का घेतली, असे मी काही सभासदांना विचारले. हौस म्हणून घेतली, असे सांगणारे थोडे. "आमची पाणंदच तसली हाय, दुसरी गाडीच जात न्हाई," हे उत्तर जास्त. म्हणजे वाट वाईट, म्हणून ज्याला ऐपत त्याने वाटेवर मात करणारी गाडी घेतली. त्याचा प्रश्न सुटला. त्याच वाटेवरच्या बाकीच्या पंचवीस जणांचा प्रश्न होता तिथेच राहिला.

खरे तर मालकाचाही सुटला नाही. ही गाडी भरते पावणेदोन-दोन टन. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांतून एका खेपेला ऊसच निघतो वीस टनांच्या आसपास. ज्या वाटेने जीप 'फोर लो'मध्ये हसत गेली, त्याच वाटेवर भरलेली ट्रॉली रुतते. मग पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडा, साखळदंड लावा, नाहीतर अर्धा ऊस उतरवून परत भरा. बैलगाडीवाल्याचे हाल तर विचारूच नका. दोन-अडीच टनांखाली बैल गुडघ्यावर येतात. वाट वाईट म्हणून वाहनवाला एंट्रीचे पैसे वाढवून मागतो, टोळी आधी चांगल्या वाटेचे फड उरकते, आणि टोकाच्या सभासदाचा ऊस फेब्रुवारीचा मार्चवर आणि मार्चचा एप्रिलवर जातो. उन्हात उभा ऊस वाळतो. तोडलेला ऊस फडातच अडकला तर नुकसान आणखी मोठे. तोडणीपासून चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, हे आम्ही दर मेळाव्यात सांगतो. उशीर होईल तसे वजन घटते आणि साखरेचे रूपांतर इतर शर्करांत होऊ लागते. वजनाचा तोटा त्या सभासदाचा आणि उताऱ्याचा तोटा सगळ्या कारखान्याचा. पाणंदीच्या टोकाला बहुतेक वेळा जमीनही थोडीच असणारा माणूस असतो. त्याच्या दारात जीप नाही.

आणखी एक गोष्ट कडू वाटेल, पण लिहितो. फोर बाय फोर ओल्या पाणंदीतून निघून जाते, मात्र मागे खोल चाकोरी सोडते. चाकोरीत पाणी साठते, वाट आणखी मऊ होते आणि उन्हं पडली की तीच चाकोरी दगडासारखी वाळते. दिवाळीनंतर पहिल्या बैलगाडीचे चाक त्यात अडकते. म्हणून मोठा पाऊस झाल्यावर वाट वाळेपर्यंत गाडी पाणंदीच्या तोंडाशी लावून चालत जावे, असे माझे जीपवाल्या सभासदांना सांगणे आहे. आणि वाफसा नसताना गाडी प्लॉटात तर मुळीच घालू नये. चाकाखाली दबलेल्या काळ्या मातीत हवा खेळत नाही, मुळी चालत नाही, आणि त्याची किंमत खोडव्याला मोजावी लागते.

करायचे काय?

वाटा मुळात अरुंद नव्हत्या. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. ती आज कित्येक ठिकाणी आठ-नऊ फुटांवर आली आहे. हे एका दिवसात झाले नाही. दर नांगरटीला दोन्ही बाजूंनी एकेक तास वाटेत सरकला. दोष एकट्याचा नाही, त्यामुळे उपायही एकट्याने होणार नाही.

कायद्याचा आधार आहे. वहिवाटीच्या वाटेवरचा अडथळा काढण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ आहे. बांधावरून रस्ता मागण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ आहे. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडे करायचे. २०२१ मध्ये राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी, असे म्हटले आहे. पण कोर्टकचेरीत दोन हंगाम जातात आणि भावकी तुटते ती वेगळीच. समजुतीने होत असेल तर तेच आधी करावे.

माझी सूचना साधी आहे. एका पाणंदीवरच्या सर्व सभासदांनी तोडी सुरू होण्याआधी एकदा एकत्र बसावे. नकाशा समोर ठेवून वाट मोजावी. ज्याच्या उसाचा खर्च ज्या वाटेवर, त्याने एकराच्या प्रमाणात वर्गणी द्यावी. ज्याचे रान डांबरी रस्त्याला लागून आहे तो म्हणेल, मला काय गरज? त्याला एवढेच सांगावे की गव्हाणीत सगळ्यांचा ऊस एकत्र पडतो आणि उतारा सगळ्यांचा मिळून निघतो. मुरूम टाकण्याआधी वाटेच्या कडेला चर काढावी. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकला तर दोन पावसाळ्यांत तो पोटात जातो, म्हणून खाली दगडाचे सोलिंग हवे आणि मध्यभाग थोडा उंच हवा. पाटाचे पाणी वाट ओलांडते तिथे सिमेंट पाइप घालावा. रात्रीच्या पाळीचे पाणी पाणंदीत सोडून झोपणाऱ्याला सगळ्यांनी मिळून समज द्यावी. अशा ठरलेल्या पाणंदींची यादी गट ऑफिसला आणून दिली, तर तोडीचा कार्यक्रम ठरवताना तिचा विचार व्हावा असे मी व्यवस्थापनापुढे मांडणार आहे.

१९५० मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा एकेकट्या शेतकऱ्याच्या ऐपतीत कारखाना बसत नव्हता. भाग गोळा केले म्हणून तो झाला. आपलाही कारखाना तसाच झाला आहे. ज्यांनी यंत्रे उभी केली त्यांना अर्ध्या मैलाची पाणंद जड जाऊ नये. गाव करी ते राव काय करी, ही म्हण आपल्या बापजाद्यांनी उगीच केलेली नाही.

तेव्हा "गाडी घ्यावी का?" या प्रश्नाला माझे उत्तर असे. ऐपत असेल, काम असेल तर जरूर घ्यावी, आणि पाणंदीच्या बैठकीलाही त्याच गाडीतून यावे. येताना टोकाच्या शेतकऱ्याला शेजारी बसवून आणावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी
आष्टा गट