एका माणसाचे कढण

सूप हा शब्द आपल्याकडे हॉटेलातून आला. पदार्थ मात्र आपल्या चुलीला जुनाच आहे. कुठे त्याला सार म्हणतात, कुठे कढण. त्यातही हुलग्याच्या कढणाची सर दुसऱ्या कशाला नाही. कोकणात हाच हुलगा कुळीथ होतो. कष्टाच्या दिवसांत तो बैलांना चारतात, म्हणून शहरी माणसाने त्याला उगाच कमी लेखले.

कोथरूडचा पावसाळा तिथल्या गृहिणींना काय सांगावा! डोंगराकडून येणारी बुरबुर दिवसचे दिवस हटत नाही, वाळत घातलेले कपडे ओलेच राहतात. दिवाळी सरली की थंडी आहेच. एके काळचे हे शेतीचे गाव. २०२२ साली वनाजहून मेट्रोसुद्धा धावू लागली. सदनिका वाढल्या, पण कित्येक घरांत माणसे उरली एक किंवा दोन. मुले परदेशी. अशा घरात हमखास ऐकू येते, “एकट्यासाठी कुठे करत बसू?” मग दुधात पोळी कुस्करायची, नाहीतर पाकिटातले सूप उकळायचे.

एकट्यासाठी कढणाइतके सोयीचे दुसरे काही नाही. पाव वाटी हुलगे निवडून, धुऊन रात्री भिजत घालावेत. सकाळी तीन वाट्या पाणी घालून कुकरमध्ये मऊ शिजवावेत आणि पाणी गाळून घ्यावे. चमचाभर तुपात जिरे, हिंग, कढीलिंब व दोन ठेचलेल्या लसूणपाकळ्या घालून फोडणी करावी. त्यात ते पाणी, मीठ आणि दोन आमसुले घालून पाच मिनिटे उकळी द्यावी. आमसुलाऐवजी ताक हवे असल्यास ते भांडे खाली उतरवल्यावर घालावे. उकळत्यात घातले तर फुटते. उरलेले दाणे टाकू नयेत. कांदा, तिखट, ओले खोबरे घातले की रात्रीची उसळ तयार!

हुलगा ज्यांना उष्ण पडतो त्यांनी मुगाचे कढण करावे. फराळाने जड झालेल्या पोटाला तेच बरे. मूगडाळ मऊ शिजवून घोटावी, पातळ करावी, आले व मिरपूड घालावी.

नातवंडे आली तर शेंगोळे करा. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून घट्ट मळावे. बोटाएवढ्या वळ्या करून टोके जुळवावीत आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडाव्यात. शेवटी चमचाभर पीठ पाण्यात कालवून लावले की रस्सा दाट होतो. वळायला मुलांचे हात घ्यावेत. वाकडे झाले तरी शिजतात सारखेच.

आणि भगिनींनो, तुमच्या जिन्यात एकट्या आजींचे दार असेल, तर हुलगे पाव वाटीऐवजी अर्धी वाटी भिजत घाला. पेलाभर कढण झाकून नेऊन द्यायला दोन मिनिटे लागतात. गरम असतानाच न्या. आणि आजींनी “बस ना जरा” म्हटले, तर बसा.