गळ किती बळाचा असावा?

पावसाळा सरल्यावर पाचोरा तालुक्यात गिरणेच्या डोहाकाठी बसलेली मुले पाहिली, म्हणजे मासेमारीच्या साधनाची मूळ कल्पना किती साधी आहे हे ध्यानात येते. वेळूची एक काठी, तिच्या टोकाला तंगूस, तंगुसाच्या शेवटी गळ, मध्ये तरंगणारे बूच आणि आमिष म्हणून गांडूळ किंवा कणकेची गोळी. एवढ्यावर काम भागते. काठी मोडली तर दुसरी तोडावी, तंगूस तुटला तर गाठ मारावी. येथे साधन आणि मासा यांच्यात एक प्रकारची बरोबरी असते, आणि ती कोणी ठरवून आणलेली नसते.

याच गावातील एखादा तरुण नोकरीधंद्यानिमित्त मुंबईला किंवा कोकणात जातो, होडीतून खोल समुद्रात गळ टाकण्याची हौस त्याला लागते, आणि मग ही बरोबरी आपोआप राहत नाही. ती विचारपूर्वक निर्माण करावी लागते. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या गावात ट्यूना माशाच्या गळाची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, साधन कशाच्या आधारे निवडावे हा प्रश्न समुद्रापुरता मर्यादित नाही. समुद्रात तो फक्त अधिक ठळकपणे दिसतो.

कोकणात ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतात त्या ट्यूनाच्या कुळातील मासे इतर माशांहून एका बाबतीत निराळे आहेत. बहुतेक माशांचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असते. ट्यूनाच्या अंगात मात्र रक्तवाहिन्यांची अशी जाळीदार रचना असते की स्नायूंत निर्माण झालेली उष्णता कल्ल्यांवाटे वाया न जाता पुन्हा स्नायूंकडेच परत येते. म्हणून त्याचे स्नायू पाण्याहून काही अंश अधिक उबदार राहतात, आणि म्हणूनच तो दीर्घकाळ वेगाने पोहू शकतो. दुसरी गोष्ट अशी की, कल्ल्यांतून पाणी वाहते ठेवण्यासाठी त्याला सतत पुढे पोहावेच लागते. थांबणे म्हणजे गुदमरणे. अशा माशाला गळ लागला की तो इकडेतिकडे धडपडत नाही. तो सरळ तळाकडे बुडी मारतो आणि शेकडो मीटर दोरी आपल्यामागे ओढून नेतो.

या माशाशी काठी आणि रीळ घेऊन सामना करण्याचा आधुनिक इतिहास १८९८ साली कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटाशी सुरू झाला असे मानतात. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या गृहस्थाने तेथे १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोचा ट्यूना काठी-रिळावर पकडला आणि त्याच वर्षी तेथे ट्यूना क्लब स्थापन झाला. तोपर्यंत त्या बेटावर जाड हातदोरांनी वाटेल तेवढे मासे ओढले जात असत. क्लबाने दोरी किती बारीक असावी यावर नियम घातले. माशाला सुटण्याची संधी मिळावी आणि माणसाच्या कौशल्याची कसोटी लागावी, हा त्यामागचा हेतू होता. त्या काळच्या रिळांना आजच्यासारखा ब्रेक नव्हता. चामड्याचा तुकडा अंगठ्याने दोरीवर दाबून माशाचा वेग आवरावा लागे, आणि उलट्या गरगरणाऱ्या मुठीने बोटे फुटत. पुढे रिळाच्या आत घर्षणाचा ब्रेक आला. १९३९ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि विक्रम कोणत्या बळाच्या दोरीवर झाला याची वर्गवारी रूढ झाली. १५, २४, ३७ व ६० किलो असे समुद्रातील मोठ्या माशांसाठी वापरले जाणारे दोरीचे वर्ग या वर्गवारीतलेच आहेत.

या इतिहासातून एक समज दृढ झाला: साधन जितके हलके, तितका खेळ न्याय्य. वरवर पाहता हा समज उदात्त आहे. बलवानाने स्वतःचा एक हात बांधून लढावे, तसे ते वाटते. परंतु ट्यूनाच्या बाबतीत तो तपासून पाहिला तर उलटाच निष्कर्ष निघतो. चाळीस किलोचा मासा दहा किलो बळाच्या दोरीवर धरला, तर त्याच्यावर पुरेसा ताण देता येत नाही. दिला तर दोरी तुटते. परिणामी झुंज तासन्‌तास लांबते. एवढ्या वेळात माशाच्या स्नायूंत आम्ल साचते आणि शरीराचे तापमान वाढत जाते. असा मासा खाण्यासाठी ठेवला, तर त्याचे मांस फिके, मऊ आणि आंबूस झालेले आढळते. जपानी बाजारात अशा भाजल्यासारख्या मांसाला किंमत येत नाही. तो सोडून दिला, तर पाण्यात गेल्यावर तो जगेलच याची खात्री उरत नाही. आणि दोरी तुटली, तर तोंडात गळ आणि मागे लांबच लांब तंगूस घेऊन तो निघून जातो. म्हणजे ज्याच्या न्यायासाठी हलके साधन घेतले, त्याच्याच वाट्याला सर्वांत दीर्घ यातना येते. यात कौतुक होते ते फक्त माणसाचे.

म्हणून साधनाची पहिली कसोटी ही की, जो मासा अपेक्षित आहे तो थोडक्यात थोड्या वेळात होडीशी आणता यावा. येथे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या तरफेचा नियम उपयोगी पडतो. काठीचा बुंधा कमरेशी टेकलेला, हात मध्ये आणि माशाची ओढ शेंड्याला, अशी ही तरफ आहे. काठी जितकी लांब, तितका माशाच्या बाजूचा भुज लांब. म्हणजे लांब काठीने बळ माशाचे वाढते आणि पाठ माणसाची मोडते. किनाऱ्यावरून गळ दूर फेकायचा असेल तर तीन मीटरांची काठी हवीच. पण होडीतून खोल पाण्यातला ट्यूना उचलायचा असेल तर दोन मीटरांहूनही आखूड आणि ताठ काठी योग्य. दुकानातील सर्वांत लांब आणि चकचकीत काठी ही सर्वांत उत्तम असे मानणारा गिऱ्हाईक पैसे खर्च करून स्वतःविरुद्धच तरफ विकत घेत असतो.

रिळाचेही तसेच. त्याचा मोठेपणा दोरी किती वेगाने गुंडाळली जाते यावर नसून तीन गोष्टींवर असतो. माशाने बुडी मारली तरी संपणार नाही इतकी, निदान काही शे मीटर दोरी त्यावर मावली पाहिजे. ब्रेक धक्का न देता सुटला पाहिजे, कारण दोरी बहुधा ताणाने तुटत नाही, अडखळणाऱ्या ब्रेकच्या हिसक्याने तुटते. आणि दातेचक्रांची योजना अशी हवी की जड ओझे सावकाश का होईना, वर येत राहील. घाटात सायकलचा हलका गिअर ज्या कारणासाठी लागतो, त्याच कारणासाठी. ब्रेक किती आवळावा याचा रूढ हिशेब दोरीच्या बळाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाचा आहे. ३७ किलोच्या दोरीवर तो नऊ ते बारा किलोंच्या दरम्यान येतो. हा ताण अंदाजाने नव्हे, साध्या ताणकाट्याने मोजून होडीत चढण्यापूर्वीच लावावा लागतो. याखेरीज समुद्राचे खारे पाणी कोणाची भीड ठेवीत नाही. गोड्या पाण्याच्या रिळातील लोखंडी स्प्रिंग दोन फेऱ्यांत गंजते, आणि नेमका मोठा मासा लागला असता ब्रेक अडकतो. महागड्या साधनाची किंमत बव्हंशी न गंजणाऱ्या धातूची असते. तरीही परतल्यावर ते गोड्या पाण्याने धुण्याचा कंटाळा करणाऱ्याला ती किंमत वाचवू शकत नाही.

गळाच्या आकाराचा विचार तर सर्वांत कमी होतो आणि सर्वांत अधिक व्हायला हवा. आकड्यासारखा नेहमीचा गळ आमिषाबरोबर पोटात उतरला की मासा सोडणे निरर्थक ठरते. टोक आत वळलेला गोलाकार गळ मात्र बहुधा जबड्याच्या कोपऱ्यातच अडकतो. फक्त हिसका न देता दोरी ताणू द्यावी लागते. एका छोट्या वळणाने मासा जगतो किंवा मरतो. याला काठी-रिळाच्या मानाने पैसा जवळजवळ पडत नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याची कोणी फुशारकी मारीत नाही.

साधनाच्या औचित्याचे उत्तम उदाहरण पाहण्यासाठी कॅलिफोर्नियाला जाण्याचे कारण नाही. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरचे मच्छीमार पिढ्यानपिढ्या काठीने ट्यूना धरत आले आहेत. रीळ नाही, ब्रेक नाही. खाजणात धरलेले बारीक जिवंत मासे समुद्रात टाकायचे, पाण्याचे तुषार उडवून थवा खवळवायचा आणि आकड्याला काटा नसलेल्या गळाने एकेक मासा उचलून होडीत घ्यायचा. काटा नसल्यामुळे मासा होडीत पडताच सुटतो आणि गळ पुन्हा पाण्यात जातो. पकडायचा तोच मासा वर येतो. कासव नाही, डॉल्फिन नाही. तो उकडून, धुरावून आणि वाळवून त्याचे मासमीन करतात. येथे काठी आखूड दोरीची आहे, कारण मासे पृष्ठभागावर आहेत आणि लहान आहेत. साधन माशाला साजेसे आहे, एवढेच त्याचे रहस्य.

याच्या विरुद्ध टोकाला अतिबलवान साधने आहेत. हलक्या गळाचा दोष एका माशाला भोवतो, तर अवाजवी जाळ्याचा दोष साऱ्या समुद्राला. खुल्या समुद्रातील कित्येक किलोमीटर लांबीच्या तरंगत्या जाळ्यांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला १९९१ साली ठराव करावा लागला. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. पर्ससीन जाळ्यांवर फेब्रुवारी २०१६ मध्ये शासनाने निर्बंध घातले. प्रखर दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यास केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी केली. हे सारे कायदे वस्तुतः एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत सांगतात: हाती सामर्थ्य आहे म्हणून ते सगळेच वापरणे योग्य ठरत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, यंत्रनौका टनांनी मासे उपसत असता एका हौशी माणसाच्या गळाचे एवढे मनावर काय घ्यायचे? परंतु पोटासाठी जाळे टाकणाऱ्याला नियम सांगायचा आणि करमणुकीसाठी गळ टाकणाऱ्याला मोकळीक द्यायची, हा न्याय उफराटा आहे. ज्याची गरज कमी, त्याची जबाबदारी अधिक. दुसरा आक्षेप गंभीर आहे. खानदेशात मांसमच्छी वर्ज्य मानणारी घरे पुष्कळ आहेत. मुळात करमणुकीसाठी जिवाला गळ लावणेच गैर; मग त्यात योग्य-अयोग्य साधनाची मीमांसा कशाला, असे ती म्हणतील. त्यांच्या भूमिकेला उत्तर नाही, आणि देण्याचे प्रयोजनही नाही. ती स्वतःपुरती पूर्ण आहे. मात्र जो मासे खातो किंवा पकडतो, त्याला या भूमिकेआड लपता येत नाही. जीव घ्यायचाच असेल तर तो त्वरेने घेणे आणि सोडायचाच असेल तर जगेल असा सोडणे, एवढे ऋण त्याच्यावर राहतेच.

आता पुन्हा गिरणेकाठी यावे. गिरणा आणि हतनूर यांसारख्या जलाशयांवर भोई समाजातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली जलाशयात सोडली जाते. ती वाढून एकदा तरी बाजारयोग्य व्हावी अशी अपेक्षा असते. बारीक आसाचे जाळे, आणि कोठे कोठे तर मच्छरदाणीचे कापड, पाण्यातून फिरले की तीच बोटुकली टोपलीत येते. आज पावशेराला विकलेली पिल्ले वर्षभराने कित्येक किलो भरली असती, हे गणित सहावीतला विद्यार्थीही करू शकतो. ते पकडणाऱ्यालाही ठाऊक असते. पण आपण सोडली तर दुसरा धरील, ही भीती त्याहून मोठी ठरते. ती भीती उपदेशाने जात नाही. सर्वांच्या जाळ्याचा आस सारखाच आहे, अशी एकमेकांना खात्री पटली तरच जाते.

ही खात्री देण्यास फार मोठी यंत्रणा लागत नाही. जाळ्याचा आस म्हणजे ताणलेल्या एका घराच्या दोन गाठींमधील अंतर; ते मोजायला फूटपट्टी पुरते. मच्छीमार सहकारी संस्थेने हंगामाच्या आरंभी सर्वांसमक्ष प्रत्येक जाळे मोजावे, मापाची नोंद फलकावर लिहावी आणि त्या दिवशी गावातील शाळेचे शिक्षक व विद्यार्थी यांना साक्षीला बोलवावे. तरफेचा धडा पुस्तकात राहतो, तो त्या दिवशी पाण्याकाठी येईल. आणि त्या वर्गातला एखादा मुलगा पुढे कधी समुद्रावर गेलाच, तर दुकानात शिरल्यावर सर्वांत मोठी काठी कोणती असे तो विचारणार नाही. कोणत्या माशासाठी आणि किती बळाची, हे तो आधी विचारील.