कॅप्सूल हलाल आहे का, हे विचारले. किती घ्यायची, हे विचारलेच नाही

गेल्या पावसाळ्यात अम्मीची भूक गेली. आधी वाटले, वय झाले, पित्त असेल. मग बद्धकोष्ठ, सारखी तहान, उलट्या सुरू झाल्या, आणि एके दिवशी फजरला उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ हेच तिला समजेना. रक्त तपासले तर कॅल्शियम फार वाढलेले, मूत्रपिंडावरही ताण आलेला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी व्हिटॅमिनची कोणती गोळी चालू आहे?" भाऊ घरी जाऊन डबा घेऊन आला. त्यात व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटांच्या कॅप्सूल होत्या.

चिठ्ठीवर स्पष्ट लिहिले होते : आठवड्याला एक, आठ आठवडे. पण चिठ्ठी माझ्याकडे शहरात आणि अम्मी गावी. फोनवर तिला "रोज एक घे" असे सांगणारा मीच. पहिल्या आठ कॅप्सूलनंतर गुडघे हलके वाटतात म्हणाली, म्हणून आणखी पट्ट्या कुरियरने पाठवणाराही मीच.

मला सर्वांत जास्त बोचते ते वेगळेच. पट्टी घेताना मी मेडिकलवाल्याला प्रश्न विचारला होता. कॅप्सूलचे कव्हर जिलेटिनचे आहे का, असेल तर कोणत्या जनावराचे? त्याने शोधून वनस्पतीज कव्हरची कॅप्सूल दिली. मी समाधानाने पैसे दिले. किती आणि कधी घ्यायची, हे चिठ्ठीत पुन्हा बघावे असे मला सुचलेही नाही.

दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी बसून मी हिशेब केला. आपल्या देशात मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट व्हिटॅमिन डी पुरेसे धरले जाते. म्हणजे ती एक कॅप्सूल शंभर दिवसांचा वाटा. अम्मीने चाळीस दिवसांत चाळीस घेतल्या. अकरा वर्षांचे व्हिटॅमिन! आणि हे जीवनसत्त्व शरीरातल्या चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. अम्मी सुधारली, अल्हम्दुलिल्लाह, पण त्यानंतर कित्येक महिने तिचे रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागले.

जिलेटिनचा प्रश्न विचारू नये असे मी म्हणत नाही. तो आपला हक्क आहे. पण हलालच्या जोडीला आपण तय्यब हा शब्दही लहानपणापासून ऐकत आलो आहोत : चांगले, निकोप. आपल्या तरुण वाचकांचे सप्लिमेंटबद्दल जे प्रश्न येतात, त्यांत कव्हर कशाचे, हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. डोस किती, आणि मला याची गरज आहे का, हे फारच थोडे विचारतात.

जिममधल्या मुलांचे बघा. पावडर कोणती घ्यायची हे ट्रेनर सांगतो, आणि बऱ्याचदा विकतोही तोच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळावी असे सांगितले आहे. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ५० ग्रॅम. कसून व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त लागतील. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. शिवाय डाळ, दही, चणे आहेतच. मटण महाग झाले आहे हे मला कळते, पण पावडरीच्या डब्याच्या पैशात अंडी किती येतात हे एकदा मोजा तरी. त्याच वर्षी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे छापलेले निघाले.

याहून मोठी भीती वाटते ती वजन वाढवणाऱ्या, लेबल नसलेल्या 'देशी' पुड्यांची. अशा पावडरीत डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. महिनाभरात चेहरा गोल होतो, भूक वाढते, घरचे म्हणतात पोरगा भरला. ते भरणे नसते, सूज असते. आणि शंका आली म्हणून अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे असते. बंद कशी करायची हे डॉक्टरांनाच विचारा.

मुलींच्या बाबतीत उलटेच दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचे निघाले. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी फुकट मिळते. ती पोटात मळमळते म्हणून गुपचूप फेकली जाते, आणि केस गळतात म्हणून रीलमध्ये पाहिलेल्या बायोटिनच्या महागड्या गोळ्या ऑनलाइन मागवल्या जातात. केस गळण्यामागे अनेकदा लोहाचीच कमतरता असते. त्यात जास्त बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचा आकडा चुकू शकतो, म्हणून रक्त देण्याआधी ते सांगायला हवे. निळी गोळी जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. फक्त तिच्यावर लगेच चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. (हे आपल्या घरांत किती अवघड आहे ते मी जाणतो.) आणि लोहाच्या गोळ्या लहान भावंडांच्या हाताला लागू देऊ नका, त्यांच्यासाठी त्या विष आहेत.

व्हिटॅमिन डी कमी निघाले की त्याचा दोष बुरख्यावर टाकून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. दिवसभर एसीत बसणाऱ्या आयटीतल्या मुलांचेही ते कमीच निघते. आपल्या मोहल्ल्यातल्या गल्ल्यांत ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, मुलींना गच्ची मिळत नाही, यावर मात्र कोणी बोलत नाही.

रमजानचेही सांगायला हवे. सहरीला सगळ्या गोळ्या एका घोटात घेण्याची सवय अनेक घरांत आहे. थायरॉइडच्या गोळीसोबत कॅल्शियम किंवा लोह घेतले तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून वेळा ठरवून घ्या. आठवड्याची गोळी असेल तर जुम्मा पक्का करा आणि पट्टीवर पेनाने तारीख लिहा.

विकत घेताना डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक बघा. सरकारच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर तो तपासता येतो, तक्रारही करता येते. सप्लिमेंटवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ छापणे बंधनकारक आहे. ती ओळ असूनही विकणारा साखर, सांधे, मूल न होणे असे सगळे बरे करण्याचा वायदा करत असेल, तर डबा परत ठेवा.

आणि काही त्रास झाला तर डबा लपवू नका. जिममध्ये जाणाऱ्यांना अब्बांची भीती असते, मुलींना खर्च कळेल याची. दवाखान्यात जाताना डबा, पट्टी, पुडी जे असेल ते सोबत न्या. अम्मीला काय झाले हे आमच्या डॉक्टरांना पाच मिनिटांत कळले, कारण भावाने तो डबा त्यांच्या टेबलावर आणून ठेवला.