क्वीअर पात्राचं आडनाव विचारा

पडद्यावर क्वीअर पात्र दिसलं की आपण टाळ्या वाजवतो. पण नुसतं दिसणं म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे, हे आंबेडकरी घरांत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: त्या पात्राचं आडनाव काय?

‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ (२०२०) मध्ये अलाहाबादचे त्रिपाठी. ‘बधाई दो’ (२०२२) मध्ये शार्दूल ठाकूर. दोन्हीकडे पेच एकच, घरचे स्वीकारतील का? त्या घराचा उंबरा आणखी कुणाकुणाला बंद आहे, हे कुणी विचारत नाही. नायकाला ते घर बदलायचं नसतं, त्यात जागा हवी असते.

जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा पाया, असं बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मांडलं. आपल्या रोजच्या मालिका त्याच लग्नावर चालतात: बघण्याचा कार्यक्रम, साखरपुडा, हळद. तिथे दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडल्या तर मांडवच कोसळेल. म्हणून विनोदी कार्यक्रमात पुरुषाला साडी नेसवून हसून घ्यायचं आणि मालिकेत पुन्हा मांडव घालायचा. तुर्कस्तानात २०२० मध्ये समलिंगी पात्रामुळे सरकारने चित्रीकरणाची परवानगी नाकारली आणि नेटफ्लिक्सला मालिका गुंडाळावी लागली. आपल्याकडे ‘फॅमिली ऑडियन्स’ एवढं कारण पुरतं.

नीरज घेवान यांच्या ‘गीली पुच्ची’ (२०२१) मधली भारती मंडल म्हणूनच महत्त्वाची. कारखान्यात काम करणारी ही दलित मुलगी प्रिया शर्मापुढे स्वतःला ‘बॅनर्जी’ म्हणवते. पात्रता भारतीची, टेबलावरची नोकरी प्रियाला. जात कळल्यावर प्रियाच्या घरी तिचा चहा वेगळ्या, स्टीलच्या पेल्यात येतो. प्रेम तिथेही आहे, पण प्रेमाने जात पुसली जात नाही. मराठीतही हे जमतं. सनडान्समध्ये २०२५ साली पुरस्कार मिळवणाऱ्या ‘साबर बोंडं’चा नायक कष्टकरी घरातला आहे. वडिलांच्या सुतकातही नातेवाईक त्याच्या मागे लग्नाचा लकडा लावतात.

आणि प्रत्येक क्वीअर गोष्टीला लग्नच कशाला हवं? जबलपूरजवळच्या कटनीत कमला जान महिलांसाठी राखीव जागेवर महापौर म्हणून निवडून आल्या. त्या ‘पुरुष’ आहेत असं ठरवून निवड रद्द झाली, आणि २००३ मध्ये इथल्या उच्च न्यायालयाने ते कायम केलं. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २०१४ मध्ये. मतं, राखीव जागा, कोर्ट, देह: मालिकेला आणखी काय मसाला हवा?

आपल्यातले अनेकजण, घरातले पहिले पदवीधर, आता मालिका आणि वेबसीरिज लिहिणाऱ्या टीममध्ये शिरतायत. तिथे बसाल तेव्हा विचारा: हे पात्र कुठल्या वस्तीत राहतं? त्याची आई काय काम करते? आडनाव काय? ‘जात कशाला मध्ये आणता’ असं उत्तर आलं, तर समजून घ्या, जात आधीच लिहून झाली आहे.

जय भीम.