अनोळखी खेळगडी आणि छातीतली धडधड

सत्तरीच्या एक आजी दवाखान्यात आल्या. मोबाइलवर अनोळखी माणसांशी लुडो खेळताना त्यांना धडधड होई, तळहातांना घाम फुटे. ईसीजी व रक्तशर्करा ठीक होती. “चाल चुकली, तर समोरचा काय म्हणेल?” त्या संकोचून म्हणाल्या.

वाचकहो, यात हसण्यासारखे काही नाही. परक्यांपुढे आपली परीक्षा चालली आहे असे वाटताच शरीरात ॲड्रेनलिन स्रवते आणि नाडी जलद होते. समोरच्याचा चेहरा दिसत नसल्याने त्याचे मौनही आपल्याला रागासारखे भासते.

खेळ सोडणे हा उपाय नव्हे; टाळल्याने भीती मुरते. पायरीपायरीने जावे. आधी मोबाइलशीच खेळावे, मग नातवंडांशी, नंतर अनोळखी व्यक्तींशी. तेही चॅट बंद ठेवून, दोनच डाव. घरच्यांनी थट्टा न करता शेजारी बसावे.

मात्र सावध असावे. इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरल्यानेही अशीच धडधड होते व घाम येतो; तेव्हा खेळ थांबवून साखर तपासावी. छातीत दुखले, चक्कर आली किंवा विश्रांतीनंतरही धडधड थांबली नाही, तर त्वरित डॉक्टर गाठावा. खेळात कोणी पैसे वा ओटीपी मागितल्यास देऊ नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

परवा आजी पुन्हा आल्या. “हरले, डॉक्टर,” त्या हसून म्हणाल्या, “पण हात थरथरला नाही.”