ओळखीपाळखीतली दुफळी

समाजात किती फूट पडली आहे, हे मतांच्या टक्केवारीवरून कळत नाही. दोन मतांचे लोक निम्मे निम्मे असले, तरी त्यांची ऊठबस एकमेकांत आहे की नाही यावर सगळे अवलंबून असते. म्हणून सर्वेक्षणात मताबरोबर माणसाचा गोतावळाही विचारावा लागतो.

अमेरिकेत 1972 पासून ‘जनरल सोशल सर्व्हे’ होतो. 1985 मध्ये त्यात विचारले गेले : गेल्या सहा महिन्यांत महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही कोणाकोणाशी बोललात? तपशील घेतला जाई तो फार तर पाच जणांचा. या प्रश्नावर बहुतेकांना नवरा-बायको, भावंडे, जुने मित्रच आठवणार. आणि जिवाभावाची माणसे एका मताची निघाली, तर त्यात नवल काय?

2006 च्या फेरीत मग दूरच्या ओळखीही मोजल्या गेल्या. ओळख म्हणजे काय, तेही ठरवून दिले होते : नाव माहीत आहे आणि रस्त्यात भेटल्यास क्षणभर थांबून बोलाल, असा माणूस. तुमच्या ओळखीत केविन नावाचे किती? कट्टर उदारमतवादी किती, कट्टर पुराणमतवादी किती? नावांच्या आकड्यांचा उपयोग ओळखीचा पसारा मोजायला होतो. दर 300 माणसांत एक केविन असेल आणि एखाद्याच्या ओळखीत असे दोघे असतील, तर त्याच्या ओळखी अंदाजे 600. पुराणमतवादी समाजात सारखे विखुरलेले असते, तर प्रत्येकाच्या ओळखीत ते त्याच प्रमाणात सापडले असते. प्रत्यक्षात कोणाकडे ढीगभर, तर कोणाकडे एकही नाही. ही तफावत हेच विभागणीचे माप.

टॉमस डिप्रेट, अँड्र्यू गेल्मन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेला निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. विश्वासातल्या माणसांत जेवढी विभागणी, जवळपास तेवढीच नुसत्या ओळखीतही. वंश, धार्मिकता, राजकारण, तिन्हींत तेच. कामावरच्या आणि शेजारपाजारच्या ओळखी दुफळी सांधतात, हा भरवसा त्यामुळे डळमळतो.

पण ओळखीच्या माणसाचे राजकारण उत्तर देणाऱ्याला खरेच ठाऊक असते का? मतभेद असला की लोक विषय टाळतात, आणि गप्प बसलेला माणूस आपल्याच बाजूचा समजला जातो. रॉबर्ट हकफेल्ट आणि जॉन स्प्रेग यांनी 1984 च्या निवडणुकीवेळी इंडियानातील साउथ बेंड येथे याची पडताळणी केली. लोकांनी ज्यांची नावे सांगितली, त्यांच्यातल्या अनेकांना गाठून त्यांनाही त्यांचा कल विचारला. दोन्ही उत्तरे दर वेळी जुळली नाहीत. ही पद्धत खर्चिक आहे, पण तिच्याशिवाय हाती येतो तो लोकांना जाणवलेल्या दुफळीचा आकडा. तोही महत्त्वाचाच, कारण माणसे वागतात ती याच जाणिवेवर. मात्र प्रत्यक्ष दुफळीचा आकडा म्हणून तो छापणे चूक आहे.