सात सुतांचा घोळ

टेबलच तर बनवायचंय, त्यात काय एवढं! असं म्हणणाऱ्यांच्या टीमची मी कॅप्टन होते. होते, हं.

झालं असं, की वर्ध्याचं आजीचं जुनं घर पाडलं. वाटण्या झाल्या. कुणी पितळेची भांडी उचलली, कुणी झोपाळ्याच्या कड्या. मी मागितली मागच्या दाराची सागवानी फळी. वाळवीने खाल्लेलं टोक कापल्यावर जेमतेम चार फूट उरली होती. नागपूरच्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीखाली दोन भिंतींच्या मधोमध एक कोनाडा आहे. तिथे ही फळी बसवायची, वर लॅपटॉप, शेजारी कॉफीचा मग… एकदम मॅगझिनमधल्या फोटोसारखं! पाय नकोत. दोन्ही भिंतींना एकेक इंच रुंदीच्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांवर फळी टेकवायची. सोप्पं!

मावशीच्या शिवणाच्या डब्यातला कापडी टेप घेतला, कोनाडा मोजला, मोबाइलमध्ये टाइप केलं : साडेसेहेचाळीस इंच. आणि रविवारी थेट वर्ध्याला, आजोबांच्या वेळेपासून घरी येणाऱ्या सुतारकाकांकडे.

काकांनी आकडा ऐकला. करवत उचललीच नाही.

''ताई, कायनं मोजलं?''

कापडी टेप म्हटल्यावर ते नुसतेच हसले. त्यांनी आपला पोलादी टेप काढला, माझा टेप त्याच्या बाजूला ठेवला आणि दोन्ही सरळ केले. माझा टेप वर्षानुवर्षं ताणून लांबला होता. म्हणजे त्याच्यावरचा एक इंच खऱ्या इंचापेक्षा मोठा, आणि मोजलेली प्रत्येक वस्तू कागदावर लहान! ब्लाऊजला हे चालून जातं. सागवानाला नाही. लांब फळी पुन्हा कापता येते, आखूड झालेली कोण वाढवणार? आणि आजीच्या दाराची ही एकच फळी.

मी ऐटीत म्हटलं, मग तुमचा स्टीलचा टेप द्या, तेवढं पुढचं लोखंडी टोक लूज झालंय ते ठोकून देते.

''हात नका लावू जी! ते हलते म्हनूनच बरोबर आहे.''

हा फंडा मला आजवर कुणीच सांगितला नव्हता. टेपच्या टोकाचा आकडा मुद्दामच सैल ठेवलेला असतो, आणि तो हलतो बरोब्बर स्वतःच्या जाडीइतका. फळीच्या कडेला अडकवून ओढलं की तो बाहेर सरकतो, भिंतीला टेकवून दाबलं की आत. दोन्ही वेळा शून्य खऱ्या शून्यावरच येतं. आपण 'डिफेक्टिव्ह पीस' म्हणून दुकानदाराशी भांडतो, आणि ती असते करामत! टेप हातातून सुटून जमिनीवर आपटला की मात्र हा आकडा वाकतो. म्हणून बारीक कामात काका टोक वापरतच नाहीत. दहा इंचाच्या रेघेपासून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. (वजा करायला विसरलात तर काय होतं, ते विचारू नका.) कोनाड्याच्या आतलं माप घेताना टेपच्या डबीची रुंदीही मिळवायची असते. बऱ्याच टेपांच्या डबीवर ती छापलेली असते. तुमच्या घरातल्या टेपची डबी एकदा उलटून बघाच.

स्प्रिंगने आत जाणाऱ्या टेपचं पेटंट अमेरिकेत 1868 मध्ये घेतलं गेलं. आपल्याकडे त्याच्याही आधी सुतार होते, आणि त्यांच्याकडे होतं सूत. 'सुतार' हा शब्दच मुळी 'सूत्रधार'वरून आला : सूत धरणारा. दोरी ताणून रेघ पाडणारा. आजही सुताराच्या तोंडी 'सूत' म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला किंचित जास्त. 1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आणली, पण प्लायवूडच्या दुकानात जाऊन बघा. शीट आठ बाय चार फूट, जाडी अठरा मिलिमीटर. एकाच वाक्यात दोन राज्यं!

आणि वर्ध्यात सूत म्हटलं की कुणीही आधी चरख्याकडेच बघणार ना! तिथेही मोजमाप आहेच. फाळक्याचा एक वेढा म्हणजे चार फुटांची एक तार, अशा 640 तारांची एक गुंडी. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद घेतली. त्यानंतर झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा अभ्यासक्रम आखला. त्यातल्या मूलोद्योगांमध्ये कताई-विणाईच्या बरोबर सुतारकामही होतं. अपूर्णांक फळीवर शिकायचे, अशी आयडिया. मी शाळेत तीन अष्टमांश फळ्यावर शिकले, म्हणूनच हे दिवस आले!

बॅक टू टेबल. काका म्हणाले, ''आकडा आनू नका, काड्या आना.''

काड्या म्हणजे दोन पातळ लाकडी पट्ट्या, अडीच-अडीच फुटांच्या. कोनाड्यात एकीवर एक धरायच्या, एक डावीकडे सरकवायची, दुसरी उजवीकडे. दोन्ही टोकं भिंतींना टेकली की जिथे पट्ट्या एकमेकींवर येतात तिथे दोघींवर मिळून एक आडवी रेघ. बस्स! ना इंच, ना सेंटिमीटर. हे तीनदा करायचं : पुढे, मधे आणि मागे. कारण काकांच्या मते बिल्डरची भिंत आणि काटकोन यांचं सूत कधीच जुळत नाही.

पुढच्या रविवारी एसटीत मांडीवर काड्या घेऊन मी वर्ध्याला. कंडक्टरने विचारलंसुद्धा, 'पतंग का?'

काकांनी पट्ट्या रेघांवर जुळवल्या, टेप लावला. पुढे सत्तेचाळीस इंच तीन सूत. मागे सत्तेचाळीस इंच एक सूत. म्हणजे माझा आकडा पुढे चक्क सात सुतांनी कमी! फळी एका भिंतीला चिकटवली असती, तर दुसरीकडे इंचभराच्या पट्टीवर तिला एका सुताचा आधार राहिला असता. त्यावर माझा लॅपटॉप. घाम फुटला.

त्यांनी पेन्सिल ठेवली आणि धारदार सुरीने रेघ ओढली, गुण्या लावून तपासली. करवत रेघेवर नाही, रेघेच्या बाहेरच्या बाजूने चालवली, कारण पातंही स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातं. शेवटचं केसभर रंध्याने काढलं.

फळी बसली. ना ठोकाठोक, ना पाचर. ती खाली वाकून बघितली तर कळतं, काकांनी खालच्या बाजूला तासलंच नाहीये. आजीच्या दाराचा हिरवा रंग तिथे तसाच आहे, आणि कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय : 'मागची बाजू'.